दादीच्या कबरीची माती वाळायच्या आत भांडायला बसलेल्यांना खुलं पत्र

प्रति,
जमात कमिटीचे सदरसाहेब, सेक्रेटरी आणि सगळे मेंबर,
जुन्या मशिदीचे मौलानासाहेब,
बायपासवरच्या नव्या मशिदीचे मौलानासाहेब,

अस्सलामु अलैकुम.

मराठीत लिहितोय त्याबद्दल माफी मागणार नाही. आपल्या घरात दखनी, शाळेत मराठी, कुराण अरबीत आणि भांडणं व्हॉट्सॲपवर अशी आपली वाटणी आहे, त्यातली मला नीट लिहिता येते ती मराठीच. चोवीस वर्षं पोरांना मराठीचं व्याकरण शिकवतोय, आलिम म्हणजे धर्मपंडित नाही, मदरशात एक दिवस बसलेलो नाही. जे काही खाली लिहिलंय ते तुमच्याच कपाटातली पुस्तकं उर्दू जाणणाऱ्या दोस्ताकडून वाचून घेऊन लिहिलंय. चुकलं असेल तर दाखवा, पण माईकवर नको, घरी या, चहा घेऊ.

झालं काय ते सगळ्यांना माहितीय, तरी सांगतो कारण प्रत्येकाकडं वेगळी क्लिप फिरतीय. दादी गेली. फजरला गेली, जोहरनंतर दफन केलं, माती द्यायला दोन्ही मशिदीतली माणसं होती. तिसऱ्या दिवशी जमातीच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं की दादीसाठी मगफिरतची, म्हणजे माफीची, दुआ करा. त्यावर नव्या मशिदीत बसणाऱ्या एका पोरानं, माझ्याच जुन्या विद्यार्थ्यानं, ऑडिओ टाकला की सर माफ करा, पण तुमची दादी दर उरुसाला पीराच्या कबरीला गलेफ, म्हणजे चादर, घालायची, कबरवाल्याकडं मागायची, हा शिर्क आहे, म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसरा उभा करणं, आणि मुश्रिकासाठी, म्हणजे शिर्क करणाऱ्यासाठी, मगफिरत मागायला कुराणात मनाई आहे, सूरह तौबा आयत 113. आयत आहे, मी नाही म्हणत नाही. ती माझ्या दादीला लागू होते हे त्याला कुणी सांगितलं एवढाच माझा सवाल. संध्याकाळी जुन्या मशिदीच्या मौलानासाहेबांची क्लिप आली की जे वसीला, म्हणजे अल्लाच्या जवळच्या माणसाला, वलीला, मधे घालून मागणं, मानत नाहीत ते गुस्ताख म्हणजे बेअदब, त्यांच्यामागं नमाज होत नाही, त्यांच्या सलामाला जवाब देऊ नका. आता झाली का पंचाईत. एक म्हणतो तुझी दादी इस्लामच्या बाहेर, दुसरा म्हणतो तिला माती देणारी निम्मी माणसं बाहेर, मग कब्रस्तानात त्या दिवशी मुसलमान म्हणून उभं कोण होतं, फक्त दादीच की काय.

दादी पीराच्या उंबऱ्यावर काय बोलायची ते मी ऐकलंय. लहानपणी दर जुमेरातला तिचा पदर धरून जायचो, कागदाच्या पुडीत ऊद, डब्यात मलिदा, तिच्या कनवटीला पेटीत टाकायचं नाणं. आत जायची नाही, बायकांनी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं हा तिथला रिवाज. हाजीअलीत असाच प्रकार होता, त्यावर केस झाली, मुंबई हायकोर्टानं ऑगस्ट 2016 मध्ये बायकांच्या बाजूनं निकाल दिला आणि नोव्हेंबरात बायका आत गेल्या, पण आमच्या गावाला हायकोर्ट जरा लांब पडतं. तर ती उंबऱ्यावर उभी राहून, हात उचलून, डोळे मिटून म्हणायची:

"या अल्ला, तेरे इस वली के सदके में मेरे पोते का बुखार उतार."

हे एक वाक्य. कधीकधी दुसरं म्हणायची:

"बाबा, तुमे अल्ला के नजीक हैं, मेरे वास्ते दुआ करो."

आणि तिच्या शेजारी उभी राहणारी एक बाई नेहमी तिसरं म्हणायची:

"बाबा, मेरी बहू कू बच्चा दो, पालना चढाती."

एकच उंबरा, एकच ऊदाचा धूर. लांबून बघणाऱ्याला दोघी बायका कबरीकडं मागतायत असंच दिसणार. पण व्याकरणाच्या मास्तराला विचारा. पहिल्या वाक्यात हाक अल्लाला आहे, क्रियापद अल्लाला आहे, वली फक्त मधे येतो, "सदके में". दुसऱ्यात हाक वलीला, पण त्याच्याकडं मागितलंय ते फक्त दुआ करणं, द्यायचं काम अल्लाचंच. तिसऱ्यात हाक पण वलीला आणि "दो" पण वलीलाच. मराठीत आपण आठ विभक्त्या शिकवतो, आठवी संबोधन. आणि आज्ञार्थ शिकवताना सांगतो की त्यात हुकूम येतो, विनंती येते, प्रार्थना पण येते, "देवा, मला चांगली बुद्धी दे" हे उदाहरण पाठच असतं सगळ्यांचं. माझ्या मते आपलं सातशे वर्षांचं भांडण हे एवढंच आहे, संबोधन कुणाला आणि आज्ञार्थ कुणाला. तुमच्या उलमांनी या तिन्हींना तीन वेगळी नावं दिलीत, पहिल्याला तवस्सुल म्हणजे वसीला, तिसऱ्याला इस्तिगासा म्हणजे मदतीची हाक, आणि मधलं ते दोघांच्या मधे लटकतं, खरी मारामारी तिथंच आहे. तुम्ही दोघं जुम्म्याच्या बयानात तिन्ही एकाच पोत्यात घालता, एक जण त्या पोत्यावर शिर्क लिहितो, दुसरा इश्क लिहितो, आणि पोतं मात्र माझ्या दादीच्या डोक्यावर.

आता निव्वळ संबोधन हा गुन्हा असता तर आपल्या कुणाचीच नमाज झाली नसती. अत्तहियातमध्ये आपण सगळे, दोन्ही मशिदीत, रोज काय म्हणतो? "अस्सलामु अलैका अय्युहन्नबी". हे नबी, तुमच्यावर सलाम. हाकच आहे ही. कब्रस्तानाच्या फाटकातून आत जाताना "अस्सलामु अलैकुम या अहलल कुबूर", ही पण हाकच, आणि ती तर थेट कबरीतल्यांना. म्हणजे मेलेल्याला हाक मारणं हा मुद्दा नाही, हाकेनंतर क्रियापद कुठलं येतं हा मुद्दा आहे. सलाम आला तर सगळे गप्प, "दो" आलं की तलवारी बाहेर. एक गंमत सांगतो, मला ती वाचून झोप आली नव्हती. बुखारी शरीफ या हदीसच्या संग्रहात नबींचे साथीदार, म्हणजे सहाबी, इब्न मसऊद यांची रिवायत, म्हणजे सांगितलेली गोष्ट, आहे, ते म्हणतात नबी आमच्यात होते तोवर आम्ही "अस्सलामु अलैका" म्हणायचो, ते गेल्यावर "अस्सलामु अलन्नबी" म्हणायला लागलो. म्हणजे एका सहाबींनी माणूस गेल्यावर व्याकरण बदललं, द्वितीय पुरुषाचा तृतीय पुरुष केला! आणि बाकी उम्मतनं, म्हणजे मुस्लिम समाजानं, बदललं नाही, दुसरे खलिफा हजरत उमर मिंबरवरून जुनंच शिकवायचे, आज पण आपण तेच म्हणतो. पण इब्न मसऊदना कुणी गुस्ताख म्हणलं नाही आणि बाकीच्यांना कुणी मुश्रिक म्हणलं नाही. तुम्ही असता तर दोन ग्रुप झाले असते आणि दोन ॲडमिन.

मेलेले ऐकतात का हे पण तुम्ही फार ठासून सांगता, एक म्हणतो ऐकतात, एक म्हणतो दगड ऐकेल पण मुर्दा नाही. अहो हे सहाबांच्या घरातच सुटलेलं नव्हतं. बद्रच्या लढाईनंतर नबीसाहेबांनी विहिरीत टाकलेल्या कुरैशच्या प्रेतांना नावानं हाका मारल्या, की तुमच्या रबनं दिलेला शब्द खरा निघाला का. हजरत उमर म्हणाले, जीव नसलेल्यांशी काय बोलता, तर जवाब आला की माझं बोलणं तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त ऐकत नाही. ही रिवायत नबीसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशांपर्यंत गेली तर त्या म्हणाल्या असं म्हणले नसतील, त्यांना आता "कळलं" असं म्हणले असतील, आणि त्यांनी आयत वाचली की कबरीत असलेल्यांना तू ऐकवू शकत नाहीस, सूरह फातिर आयत 22. दोन्ही गोष्टी बुखारीतच आहेत. त्याच बुखारीत हे पण आहे की दफन करून माणसं परत फिरतात तेव्हा त्यांच्या चपलांचा आवाज मयताला येतो. दादीला माती देऊन निघताना मला हेच आठवत होतं आणि मी खुळ्यासारखा हळू पाय टाकत होतो.

पण समजा ऐकतात. तरी ऐकणं वेगळं आणि देणं वेगळं. शहीद जिवंत आहेत, त्यांना मेलेले म्हणू नका, हे सूरह बकरा आयत 154 मध्ये आहे, जुन्या मशिदीत दर उरुसाला वाचतात. मान्य. त्याच आयतीत पुढं आहे की तुम्हाला त्याची जाणीव नाही. जिवंत आहेत म्हणजे आपल्या गल्लीतले आहेत असं नव्हे, हे माझं मत.

आता दुष्काळाची गोष्ट, कारण तुम्ही दोघं तीच गोष्ट सांगता आणि दोन उलटे निकाल काढता, आणि दुष्काळी तालुक्यातला असल्यामुळं मला ती जवळची वाटते. हिजरी 18, हजरत उमर यांचा जमाना, अरबस्तानात असा दुष्काळ की त्या सालाला राखेचं साल म्हणायचे, जमीन राखेच्या रंगाची झाली होती. उमर पावसासाठी दुआ मागायला उभे राहिले आणि म्हणाले, या अल्लाह, आम्ही आमच्या नबीच्या वसील्यानं मागायचो आणि तू पाऊस द्यायचास, आता आमच्या नबीच्या चुलत्याच्या वसील्यानं मागतो, पाऊस दे. चुलते म्हणजे हजरत अब्बास, तिथंच जिवंत उभे. पाऊस आला. सातशे वर्षांपूर्वीचे आलिम इब्न तैमिया म्हणतात बघा, नबीसाहेबांची कबर चार पावलांवर होती, तरी उमर तिकडं वळले नाहीत, जिवंत माणसाला पुढं केलं, कारण वसीला म्हणजे जिवंत माणसाची दुआ, मेल्यावर ते संपतं. दुसरी बाजू म्हणते बघा, उमर "अब्बासच्या वसील्यानं" असं स्वतः म्हणाले, म्हणजे माणसाचं नाव मधे घालून मागणं शिर्क नाही हे तर पक्कं झालं, मग जिवंत-मेलेला हा फरक कशाला, दर्जा तर अल्लाकडं तोच राहतो ना. आणि त्याच दुष्काळातली दुसरी एक रिवायत आहे, मुसन्नफ इब्न अबी शैबा या हदीसच्या संग्रहात, की एक माणूस नबीसाहेबांच्या कबरीवर गेला आणि म्हणला या रसूलल्लाह, उम्मतसाठी पाऊस मागा, मग स्वप्नात त्याला सांगितलं गेलं की उमरकडं जा. ही दादीच्या दुसऱ्या वाक्यासारखी झाली बघा, हाक कबरीला, मागणं दुआचं. हदीसचे आलिम इब्न हजर यांनी तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, सही म्हणलीय, विरोधक म्हणतात सांगणारा मलिक अद्दार कोण ते नीट माहीत नाही आणि कबरीवर गेलेला तो माणूस कोण ते तर त्याहून नाही. एवढ्या बारीक धाग्यावर शिर्क आणि ईमान टांगलंय, आणि आमचा पोरगा पंचेचाळीस सेकंदाच्या ऑडिओत निकाल लावून मोकळा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी नव्या मशिदीच्या बाजूला झुकतो, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे कुणी म्हणायला नको की सर दर्ग्याचे वकील झाले. इब्न अब्बासना लहानपणी नबीसाहेबांनी सांगितलं होतं, मागायचं तर अल्लाकडं माग, मदत हवी तर अल्लाकडं माग. फातेहामध्ये आपण रोज म्हणतोच की, इय्याका नआबुदु व इय्याका नस्तईन, तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडंच मदत मागतो. आणि उरुसात जो दाखला देतात ना, की कलेक्टरला भेटायला आधी शिपायाला, मग पीएला भेटावं लागतं, तसंच अल्लाकडं जायला वली लागतो, तो दाखला तर मला अजिबात पटत नाही. तहसीलमध्ये एका सातबाऱ्यासाठी मी किती खेटे घातलेत ते माझं मला माहीत, अल्लाचं ऑफिस पण तसलंच असेल असं म्हणणं हीच बेअदबी आहे. कलेक्टरला माझं नाव माहीत नसतं म्हणून पीए लागतो. अल्ला तर म्हणतो मी गळ्याच्या शिरेपेक्षा जवळ आहे. मक्केतले मूर्तिपूजक पण हेच म्हणायचे, आम्ही यांना पुजतो ते फक्त यांनी आम्हाला अल्लाच्या जवळ न्यावं म्हणून, सूरह जुमर आयत 3. ही आयत वाचली की माझ्या पोटात गोळा येतो.

पण राजा-वजिराचा हाच दाखला तुमच्या बुजुर्गांनी किती बारीक कातलाय ते बघा. शाह इस्माईल देहलवी, जे 1831 मध्ये बालाकोटला मारले गेले, त्यांनी तक्वियतुल ईमान मध्ये लिहिलं की चोर राजापुढं आणला, वजीर त्याची शिफारस करतो, तर शिफारशीचे प्रकार तीन. वजीर बडा आहे, त्याला नाराज केलं तर राज्यात गडबड होईल म्हणून राजा ऐकतो, हा एक. राजाचा जीव ज्याच्यावर आहे त्याचं मन मोडवत नाही म्हणून ऐकतो, हा दुसरा. आणि राजालाच माफ करायचंय, त्याची मर्जी ओळखून, त्याच्या परवानगीनं वजीर बोलतो, हा तिसरा. अल्लाच्या दरबारात फक्त तिसरा चालतो. आयतुल कुर्सीत हेच आहे ना, त्याच्या परवानगीशिवाय त्याच्याकडं शिफारस करणारा कोण. यावर फज्ले हक खैराबादी भडकले, त्यांनी उलटा रिसाला लिहिला की नबीचा मान आणि नबीवरचं प्रेम हे अल्लानंच दिलंय, त्या मानाची शिफारस म्हणजे अल्लावर दबाव नव्हे, मग ते दोन प्रकार का नाकारता. फज्ले हक पुढं 1857 च्या बंडात पकडले गेले, अंदमानात 1861 मध्ये वारले. म्हणजे दोघं पण मोठ्या जिगरची माणसं, एक मैदानात गेला एक काळ्या पाण्यावर, आणि कयामतच्या दिवशी नबीसाहेब शफाअत, म्हणजे शिफारस, करणार यावर दोघांचा वाद नव्हताच, वाद होता कुठल्या दोरीनं करणार यावर. आपल्या ग्रुपवर मात्र वाद असा चालतो की जणू एक जण शफाअतच मानत नाही आणि दुसरा अल्लाला मानत नाही.

नव्या मशिदीच्या मौलानासाहेब, तुम्ही देवबंदच्या मदरशाचे फाजिल, म्हणजे तिथून शिकून आलेले. तुमच्याच मौलाना खलील अहमद सहारनपुरींचं अल मुहन्नद आहे, हिजाजच्या, म्हणजे मक्का-मदिनेकडच्या, उलमांच्या सवालांना जवाब म्हणून लिहिलेलं, देवबंदच्या मोठ्या मोठ्या बुजुर्गांच्या त्यावर सह्या आहेत. त्यात लिहिलंय की दुआत नबी आणि वलींचा वसीला घेणं जायज, ते हयात असताना पण आणि गेल्यावर पण. म्हणजे दादीचं पहिलं वाक्य तुमच्या घरच्या किताबात पास झालंय, तरी तुमच्या मशिदीतलं पोरगं त्याला शिर्क म्हणतं, कारण ते तुमच्याकडनं कमी आणि मोबाईलवरच्या रीलमधनं जास्त शिकतं, आणि तुम्ही त्याला थांबवत नाही कारण सफ भरलेली बरी दिसते. पोराचा राग नाही मला. त्याला समास पण धड यायचे नाहीत.

जुन्या मशिदीच्या मौलानासाहेब, आता तुमचं. तुम्ही प्रत्येक वाक्याला आला हजरत म्हणता, तर त्या आला हजरतांचा, म्हणजे अहमद रझा खान बरेलवींचा, फतवा आहे की कबरीवरची चादर जुनी किंवा खराब झाली नसताना वरून दुसरी घालणं फजूल, तेवढे पैसे त्या वलीच्या रूहच्या सवाबासाठी गरिबाला द्यावेत. कबरीला सजदा हराम म्हणून त्यांनी वेगळा रिसालाच लिहिलाय. कबरीपासून चार हात लांब उभं राहावं, चुंबू नये असं पण तेच सांगतात. आणि आपल्या उरुसात काय होतं? गलेफावर गलेफ, पेटीत मावत नाहीत, मग तेच मागच्या दारानं दुकानात, दुकानातनं परत कबरीवर, एक गलेफ एका उरुसात किती वेळा चढतो ते कमिटीच्या हिशोबवहीला माहीत. कपाळ टेकणाऱ्याला मुजावर उठवत नाही, उलट डोक्यावरनं मोरचेल फिरवतो. दुसऱ्याला गुस्ताख म्हणायच्या आधी हे एकदा माईकवर वाचून दाखवा की, आला हजरतांचंच आहे.

इब्न तैमियांचं नाव घेतलं म्हणून एक राहिलेलं सांगतो. कबरींच्या जियारतसाठी, म्हणजे भेटीसाठी, खास प्रवास करून जाऊ नये या त्यांच्या फतव्यावरनं 1326 मध्ये त्यांना दमिश्कच्या किल्ल्यात कोंडलं, तिथंच 1328 मध्ये वारले. त्यांच्या विरोधात तकीउद्दीन सुबकींनी शिफाउस्सिकाम हे पुस्तक लिहिलं. तर या इब्न तैमियांचा जनाजा निघाला तेव्हा लोकांनी बरकतसाठी त्यांच्या जनाज्यावर रुमाल आणि पगड्या टाकल्या, काहींनी त्यांच्या गुस्लचं उरलेलं पाणी प्यायलं, हे त्यांचेच शागिर्द इब्न कसीर लिहून ठेवतात. आणि दफन कुठं, तर सूफींच्या कब्रस्तानात. माणसं अशी असतात हो. मखदूम अली माहिमींचं बघा, आपल्या कोकणचे नवायत, 1431 मध्ये वारले, अख्ख्या कुराणावर अरबीत तफसीर, म्हणजे भाष्य, लिहिलेला माणूस. माहीमला डिसेंबरात त्यांच्या उरुसाला मुंबई पोलीस मानाचा संदल नेतात, बँड वाजतो, लोक गल्फच्या व्हिसासाठी, पोराच्या नोकरीसाठी दोरा बांधतात. त्या तफसीरचं नाव तब्सीरुर्रहमान, हे माहीमला जाऊन आलेल्या माझ्या एका पाहुण्याला पण सांगता आलं नाही. आणि मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा, अब्दुल करीम खाँ तिथंच दफन म्हणून गाण्याची बैठक होते, त्या गर्दीत इस्तिगासा आणि तवस्सुल कोण विचारतंय. माझ्या शाळेतला गोंधळी समाजाचा शिपाई आमच्या पीराला कंदुरी करतो, त्याला मी काय शिर्कची व्याख्या सांगू? त्याचं त्याच्यापाशी. मी आपल्या लोकांबद्दल बोलतोय.

शियांचं वेगळंच, ते तर उघड "या अली मदद" म्हणतात, त्यांच्याकडं दुआए तवस्सुल म्हणून स्वतंत्र दुआ आहे, आणि मदिनेतल्या जन्नतुल बकी कब्रस्तानातल्या कबरी पाडल्या त्याचा मातम 8 शव्वालला करतात. आपल्या गावात त्यांचं एकच घर आहे म्हणून ते वाचलेत, नाहीतर तिसरी क्लिप आली असती.

आता एक गोष्ट कबूल करतो, लपवली तर हे पत्र खोटं होईल. दादीनं तिसरं वाक्य पण म्हणलेलं मी ऐकलंय. एकदाच. अब्बांना सांगलीला ॲडमिट केलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते, दादी रात्री अनवाणी पीराला गेली, मी मागं पळालो, आणि ती उंबऱ्यावर बसून ओरडली, "बाबा, मेरे बच्चे कू बचाव." संबोधन बाबाला, आज्ञार्थ बाबाला. सुटका नाही. जुन्या मशिदीत सांगतील की हे मजाजी आहे, "गोळीनं बरं केलं" म्हणतो तसं, देणारा अल्लाच हे तिच्या मनात होतंच. नव्या मशिदीत सांगतील की शब्द शिर्कचेच. माझं मत, शब्द चुकीचे होते. पण इब्न तैमियांनीच वारंवार लिहिलंय की कामाला कुफ्र म्हणणं वेगळं आणि ते करणाऱ्या माणसाला काफिर ठरवणं वेगळं, अडाणी माणसापुढं दलील नीट मांडून होत नाही तोवर त्याच्यावर हुकूम लागत नाही. दादीपुढं दलील मांडायला कोण गेलं होतं? सत्तर वर्षं ती याच गावात होती. कमिटीनं बायकांसाठी एक बयान ठेवलं का कधी? अब्बा वाचले, घरी आल्यावर तिनं दोन रकात शुक्रानाची नमाज पढली, पीराला नाही, घरातल्या चटईवर, तोंड किबल्याकडं करून. ही दलील तुमच्या किताबात बसते का बघा.

आणि जो भावाला काफिर म्हणतो, तो शब्द दोघांपैकी एकावर येऊन पडतोच, ही हदीस पण बुखारीचीच. हे दोन्ही मौलानासाहेबांना.

मुस्लिम शरीफमध्ये आहे की ज्याच्या जनाज्याला शिर्क न करणारी चाळीस माणसं उभी राहतील, त्यांची शफाअत अल्ला त्याच्यासाठी कबूल करतो. शफाअत हाच शब्द आहे तिथं. म्हणजे मेलेल्याकडं शिफारस मागावी का यावर आपण डोकी फोडतो, आणि जिवंतानं मेलेल्याची शिफारस करायची वेळ आली की एक जण ऑडिओ टाकतो की करू नका. दादीच्या जनाज्याला मी सफा मोजल्या होत्या, सवय आहे, शाळेत प्रार्थनेला मोजतो. चाळीस केव्हाच झाले होते. तुम्ही दोघं पहिल्या सफेत होता, खांद्याला खांदा लावून, तेव्हा कुणाला काही आठवलं नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत आठ महिन्यांचं लेकरू गेलं ते आठवतंय का. त्याच्या जनाज्याला पण तुम्ही दोघं होता. लहान मुलाच्या जनाज्याची दुआ वेगळी असते, शेवटी येतं "वजअलहु लना शाफिअंव व मुशफ्फआ", याला आमच्यासाठी शिफारस करणारा कर, आणि याची शिफारस कबूल कर. दोन्ही मशिदीत हीच दुआ. आठ महिन्यांचं, अजून बोलायला न लागलेलं. हाक अल्लालाच, क्रियापद अल्लालाच, मधे ते लेकरू. दादीचं पहिलं वाक्य यापेक्षा कुठं लांब गेलं होतं ते मला समजावून सांगा.

कमिटीकडं माझं मागणं फार नाही. पीराच्या कमानीवर जो फ्लेक्स लावलाय, "यहां हर मुराद पूरी होती है", तो उतरवा, पूर्ण करणारा कोण ते त्यात लिहिलेलं नाही. त्या जागी जियारतची दुआ लावा, कबरवाल्यांना सलाम, अरबीत आणि खाली मराठीत, मराठी मी लिहून देतो, फुकट. गलेफाचे पैसे कुठं जातात ते वर्षातून एकदा जमातीपुढं वाचा. ग्रुपवर मयताबद्दल फतवा टाकणाऱ्याला काढा, कुठल्याही मशिदीचा असो. आणि दोन जुम्मे द्या मला, म्हणजे मला नाही, दोन्ही मौलानासाहेबांना, एकानं तवस्सुल समजावून सांगावं, दुसऱ्यानं इस्तिगासा, आणि बायकांना मागं का होईना पण बसायची सोय करा, कारण उंबऱ्यावर जाऊन बोलायचं असतं ते त्यांनाच.

दादीला येत्या जुम्म्याला चाळीस दिवस होतात. चाळीसावा म्हणत नाही, ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांच्यासाठी. जेवण ठेवलेलं नाही, गलेफ नाही, माईक नाही. असरनंतर मी आणि अब्बा कब्रस्तानात असू, चिंचेच्या झाडाखाली, तिसरी ओळ, पाटी अजून बसवलेली नाही. तो ऑडिओवाला पोरगा आला तरी चालेल, त्याला म्हणावं सरांनी बोलावलंय.

वस्सलाम,
बागवान गल्लीतले मराठीचे सर